दाखला नको, गणित आण

"मामा, डिग्री सर्टिफिकेट कुठं अपलोड करायचं?" भाच्याचा फोन. म्हटलं, "कुठंच नाही. मागितलेलंच नाही." त्याला खरं वाटेना. बिचाऱ्यानं बी.ए.च्या प्रवेशासाठी टीसी, मार्कलिस्ट, गॅपचं प्रतिज्ञापत्र आणि प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स घेऊन खिडक्या पालथ्या घातल्या होत्या.

त्याला करायचा होता एमआयटीचा मायक्रोमास्टर्स, अर्थशास्त्र आणि विकासाच्या धोरणांवरचा. (बहिणीला आधी कोथरूडचीच एमआयटी वाटली. ही अमेरिकेतली.) अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो या अर्थतज्ज्ञ मंडळींनी तो 2017 साली ऑनलाइन सुरू केला. नुसतं शिकायचं तर फुकट. प्रमाणपत्र हवं तर फी, तीही ज्याच्या-त्याच्या कमाईप्रमाणे. सुरुवातीला कोर्समागे 100 ते 1000 डॉलर होती. पाच कोर्स, दर आठवड्याचा गृहपाठ मुदतीत, आणि शेवटी पहाऱ्यातली परीक्षा. भाच्यानं ती घरूनच दिली, कॅमेऱ्यासमोर. तेवढा वेळ बहिणीनं कुकर लावला नाही.

हातात पडते ती पदवी नव्हे. पण पाचही कोर्स पार केले की एमआयटीच्या मास्टर्सला अर्ज करता येतो, आणि तिथंही आधीच्या पदवीची अट नाही.

दाखले न मागणं हा मला यांचा उदारपणा वाटत नाही. त्यांच्या कामाचीच ती रीत आहे: कागद नव्हे, निकाल बघायचा. विसाव्या शतकाच्या अखेरीस 'प्रथम' संस्थेनं मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत 'बालसखी' नेमल्या. वस्तीतल्याच मुली, फार तर दहावी-बारावी झालेल्या. वर्गात मागं पडलेल्या पोरांना त्या रोज दोनेक तास वेगळं बसवून शिकवायच्या. बॅनर्जी, डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा शाळा निवडून बालसखी असलेले आणि नसलेले वर्ग ताडून पाहिले. बालसखींच्या वर्गांतल्या पोरांचे गुण वाढले होते. बी.एड.वाल्यांना हे जरा झोंबेल, पण आकडे तसेच निघाले. याच मंडळींना 2019 साली मायकेल क्रेमर यांच्यासह नोबेल मिळालं. बॅनर्जींचा जन्म मुंबईचा आणि आई मूळची पाटणकर, हे सांगितल्यावाचून मराठी माणसाला राहवत नाही. मीही सांगून घेतो.

तर दार सताड उघडं. मेख आत आहे. मायक्रोइकॉनॉमिक्सच्या गृहपाठात डेरिव्हेटिव्ह आलं, आणि आर्ट्सच्या आमच्या पोराला घाम फुटला. आपल्याकडे अर्थशास्त्रात बी.ए. गणिताला न शिवताही होता येतं. मागणीची रेघ खाली उतरते हे पाठ असलं की भागतं. किती उतरते, हे कोणी विचारत नाही. डेटाच्या कोर्सला 'आर' भाषेत कोड लिहावा लागतो, तिथं गाईडही कामाला येत नाही. आपण आत यायला दहा कागद मागतो आणि आतल्याला फारसं काही विचारत नाही. इथं नेमकं उलटं, आणि मला हेच रास्त वाटतं.

भाचा गरिबीवरचा कोर्स छान गुणांनी पास झाला, मायक्रोत आपटला. परवा घरी गेलो तर शेजारच्या मुलीचं बारावी सायन्सचं गणिताचं पुस्तक घेऊन बसला होता. वय वर्षं 24. शिकवत होती तीच.