काय काम होतं तिकडे?

2024 च्या दिवाळीच्या सुट्टीत मडगावला नात्यातलं एक लग्न होतं. शिरूर अनंतपाळहून आम्ही सहा जण गेलो. निकाह झाला, दुसऱ्या दिवशी वलीमा झाला आणि परतीची गाडी त्याच्या पुढच्या रात्रीची होती. मधला अख्खा दिवस मोकळा. बाकीचे बाजारात काजू घ्यायला जाणार होते. मी फजर पढून पिशवीत पाण्याची बाटली, चार केळी आणि एक रुमाल टाकला आणि चपला घालायला लागलो.

“मामू, सुबे सुबे किधर?” भाचीच्या नवऱ्याने विचारलं.

“बेटं बघायला. फेरीबोटीने.”

“कोई दर्गा है क्या उधर?”

“नाही.”

“फिर क्या काम है?”

या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. काम काहीच नव्हतं. मी हसून निघालो, पण तो प्रश्न दिवसभर माझ्यासोबत फिरला. हा लेखही त्याच्यामुळेच लिहितोय.

आपल्याकडे, म्हणजे मराठवाड्यातल्या साध्या मुसलमान घरांमध्ये, माणूस गावाबाहेर पडतो तो लग्नाला, मयतीला, दवाखान्याला, उरुसाला, इज्तेमाला. नशीब असेल तर हज-उमऱ्याला. माझ्या अब्बांनी आयुष्यात केलेला सगळ्यात लांबचा प्रवास हैदराबादचा, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. चारमिनार त्यांनी पाहिला तो डोळ्याला हिरवी पट्टी असताना, एका डोळ्याने. नुसतं बघायला म्हणून ते कुठेच गेले नाहीत. पैसा नव्हता हे खरं. पण पैसा आल्यावरही आमच्या घरात ती सवय आली नाही. आजही सुट्टीत कुठे जायचं म्हटलं की आधी कारण शोधावं लागतं. कारणाशिवाय खर्च म्हणजे फुजूलखर्ची.

माझं कारण खरं तर वर्गात तयार झालं होतं. मी उर्दू आणि मराठी शिकवतो. दोन्ही भाषांत ‘बेट’ आणि ‘जझीरा’ येतात. मुरूडच्या किल्ल्याचं ‘जंजिरा’ हे नाव म्हणजे मूळचा अरबी जझीराच, हे सांगितलं की मुलांना मजा वाटते. पण आमच्या पोरांना बेट म्हटलं की आधी बांबूचं बेट आठवतं. बोट म्हणाल तर घरणी प्रकल्पावर मासे धरणाऱ्यांचे तराफे, बस्स. एकदा सहावीतल्या एका पोराने विचारलं, “सर, चारी बाजूंनी खारं पाणी, मग ते लोक पितात काय?” हा प्रश्न लातूर जिल्ह्यातलंच पोरगं विचारू शकतं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी लातूरला आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर, तेव्हा आम्ही शिक्षक मंडळी ती बातमी वर्गात वाचून दाखवत होतो. त्या पोराला मी पुस्तकी उत्तर दिलं. मी स्वतः कधी बेटावर पाय ठेवलेला नव्हता.

मडगावहून बसने पणजी आणि पणजीहून दुसऱ्या बसने रायबंदर. हा रस्ता मांडवीच्या कडेने, सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी बांधलेल्या लांबच लांब बांधावरून जातो. रायबंदरच्या धक्क्यावर उतरलो आणि तिकिटाची खिडकी शोधू लागलो. सुट्टे पैसे हातात घेऊन उभा होतो. शेजारच्या बाईंनी सांगितलं, पायी माणसाला तिकीट नाही. ही बोट सरकारच्या नदी परिवहन खात्याची. चोडण बेटावर राहणारा क्लार्क, मासळीची टोपली घेतलेली बाई, कॉलेजची पोरं, मोटारसायकलवाले, सगळे एकाच लोखंडी पाटावर उभे. पुढची फळी धक्क्यावर पडते, माणसं आणि गाड्या आत येतात, फळी वर जाते, आणि काही मिनिटांत पलीकडे. बसायला वेळच मिळत नाही.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. मी दाढी ठेवतो. एकटा, खांद्याला पिशवी, अनोळखी गावात फिरणार, म्हणून मी निघतानाच शाळेचं ओळखपत्र पँटच्या खिशातून काढून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं होतं. विचारलंच कोणी तर पटकन हाताला यावं. मनात दोन-तीन उत्तरंही तयार होती: शिक्षक आहे, लग्नाला आलोय, शाळेसाठी माहिती गोळा करतोय. दिवसभरात कोणी विचारलं नाही. एका चहावाल्याने “कुठले?” असं विचारलं, तेही लातूर म्हटल्यावर “तिथे पाऊस पडला का?” यासाठी. पण ओळखपत्र मी संध्याकाळपर्यंत वरच्या खिशातच ठेवलं. हा वरचा खिसा माझ्यासारख्या किती जणांचा असतो ते वाचणाऱ्यांना माहीत आहे. भाचीचा नवरा घरातून विचारत होता, काय काम आहे. बाहेरचं कोणी विचारेल या धास्तीने मी तोच प्रश्न स्वतःला आधीच विचारून ठेवला होता.

चोडणच्या पश्चिम टोकाला, धक्क्यापासून जवळच, खारफुटीच्या जंगलात पक्षी अभयारण्य आहे. त्याला डॉ. सालिम अली यांचं नाव आहे. पाटीवर ते नाव वाचून मी जरा वेळ तिथेच थांबलो. आपल्या शाळांच्या भिंतींवर चित्रं असतात ती मौलाना आझाद, सर सय्यद, अब्दुल कलाम यांची. असावीतच. पण मुंबईच्या एका मुस्लिम घरात 1896 साली जन्मलेल्या या माणसाचं चित्र मी क्वचित पाहिलं. लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी मारली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, ही कुठली चिमणी ते विचारायला पोरगं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेलं, आणि तिथून पुढे सगळं आयुष्य पक्ष्यांत गेलं. मधल्या काळात नोकरी नव्हती. तेव्हा अलिबागजवळ किहीमला राहून ते सुगरण पक्ष्यांची घरटी बघत बसले. नुसते बघत. त्या बघण्यातून 1930 मध्ये जो अभ्यास छापून आला, त्याने त्यांचं नाव झालं. किहीममध्ये त्यांना कोणी विचारलं असेल का, मियाँ, तुम्हारा काम क्या है? विचारलंच असणार. माझ्या घरी एखादा पोरगा डिग्री घेऊन घरट्यांकडे बघत बसला असता तर मी काय म्हणालो असतो, तेही मला माहीत आहे. मी त्याला बीएड करायला लावलं असतं.

खारफुटीत मला बगळे, खंड्या, घारी एवढंच ओळखता आलं. बाकी पक्षी माझ्या नावाशिवाय उडून गेले.

परत रायबंदर आणि दुसऱ्या बोटीने दिवाडी. नकाशात चोडण आणि दिवाडी शेजारी-शेजारी आहेत, पण एकीवरून दुसरीवर जायला मला पुन्हा अलीकडे यावं लागलं. शहरातून आलेल्याला ही बोट गोड वाटते. रोज ऑफिसला जाणाऱ्याला, रात्री घरात कोणी आजारी पडलेल्याला ती तेवढी गोड वाटत नाही. चोडणच्या लोकांची पुलाची मागणी जुनी आहे. मी दिवसभराचा पाहुणा; पूल नको असं म्हणण्याचा मला अधिकार नाही.

दिवाडीवर मी सगळ्यात जास्त रेंगाळलो तो शेतांच्या बांधावर. या शेतांना ते खाजन म्हणतात. नदीच्या भरतीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून बांध घातलेत आणि बांधात लाकडी दारं आहेत, त्यांना मानस म्हणतात. भरती आली की पाण्याच्या जोराने दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोराने उघडतं. शतकानुशतकं गावाने मिळून सांभाळलेली ही व्यवस्था. मी तिथे उकिडवा बसून ते दार बघत राहिलो. आमचं सगळं गाव पाणी आत यावं म्हणून आभाळाकडे बघतं, आणि इथे पाणी बाहेर ठेवण्यात पिढ्या गेल्या. सहावीतल्या पोराचं उत्तर इथेच मिळालं: आसपास खारं पाणी असलं तरी गावात गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. फक्त खारं पाणी जमिनीत शिरू द्यायचं नाही, बांध फुटू द्यायचा नाही.

जुहरची वेळ झाली होती. मुसाफिराला कस्रची सवलत आहे, चारऐवजी दोनच रकात. रुमाल काढला. मग इकडे-तिकडे पाहिलं. लांब एक माणूस सायकलवरून येत होता. मी तो जाईपर्यंत थांबलो, आणि मग झाडाच्या आड जाऊन नमाज पढली. त्या माणसाने काहीही म्हटलं नसतं, असं मला आज वाटतं. तेव्हा वाटलं नाही. धर्माने प्रवाशासाठी किती जागा करून ठेवली आहे: नमाज अर्धी, रोज्याला मुभा, जकातीत अडलेल्या मुसाफिराचा हिस्सा. कुरआनात जमिनीवर फिरा आणि पहा, असं वारंवार सांगितलंय. मुसाफिराचा एवढा मान असलेल्या उम्मतीतला मी, झाडाआड उभा.

दिवाडीच्या उत्तरेकडून तिसरी बोट नार्व्याला जाते. त्या धक्क्यापर्यंत एका रिक्षाने सोडलं. नार्व्याला सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे. त्याची गोष्ट मला त्याच नदीवर आठवायची होती. मूळ देऊळ दिवाडीवर होतं. चौदाव्या शतकात बहमनी फौजांनी ते पाडलं. विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभं केलं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पुन्हा पाडलं, आणि तेव्हा लिंग नदीपलीकडे नेलं गेलं. पलीकडचा डिचोलीचा मुलूख त्या वेळी पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर होता, विजापूरच्या आदिलशाहीकडे. 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार केला.

मोबाइलवर ही गोष्ट अर्धी-अर्धी फिरते. एका ग्रुपवर बहमनींनी पाडलं एवढंच. दुसऱ्या ग्रुपवर, आपल्याच भावांच्या, आदिलशाहीत देवाला आसरा मिळाला एवढंच. मला दोन्ही तुकडे एकत्र हवे आहेत. बहमनींची पुढची राजधानी बीदर आमच्यापासून फार दूर नाही. त्यांच्या इमारती ‘आपल्या’ म्हणून दाखवायच्या आणि पाडापाडी दुसऱ्यांची म्हणायची, हे मास्तर म्हणून मला जमणार नाही. देवळाच्या आवारात मी दीपमाळेजवळ उभा राहिलो, आत गेलो नाही. कोणी अडवलं नाही. माझंच पाऊल उचललं नाही. ऊन उतरायला लागलं तशी परतीची बोट घेतली, दिवाडी ओलांडली आणि शेवटच्या बोटीने जुन्या गोव्याच्या धक्क्याला लागलो.

दिवसभरात सहा फेऱ्या झाल्या आणि बोटीचा खर्च शून्य. बस, रिक्षा, चहा आणि राइसप्लेट, एवढाच हिशेब. माझं म्हणणं आहे की आपल्या लोकांनी असं निघावं. महागड्या पॅकेजची गरज नाही. सरकारी बस आणि सरकारी बोट पुरते. सार्वजनिक गाडीची मोठी गोष्ट ही की ती काय काम आहे ते विचारत नाही. मार्च 2023 मध्ये महाराष्ट्रात एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. तेव्हापासून आमच्या स्टँडवर बुरख्यातल्या बायका दोघी-दोघी, कधी एकटीसुद्धा, लातूरच्या गाडीत चढताना मी पाहतो. बहुतेक दवाखान्याला किंवा माहेरी. पण चढतात. सवलत पुरुषाच्या परवानगीतून आलेली नाही, म्हणून ती मला जास्त आवडते. आपल्या मशिदीत, आपल्या शिक्षक मंडळींत तिच्याविषयी कोणी बोलत नाही. आपण रोजगाराचं बोलतो, आरक्षणाचं बोलतो, बोलायलाच हवं. पण आपल्या पोरांनी समुद्र पाहिलेला नाही, हेही कुणीतरी बोलायला पाहिजे. इब्न बतूता 1325 मध्ये तांजियरहून एकटा निघाला तेव्हा एकवीस वर्षांचा होता, पुढे याच गोव्याच्या किनाऱ्यावरही येऊन गेला. हे आपण भाषणात अभिमानाने सांगतो, आणि पोरगं उदगीरच्या पुढे गेलं की फोनवर फोन करतो.

घरी आल्यावर दहावीतल्या मुलीला मोबाइलमधले फोटो दाखवले. तिला मानसीचं दार सगळ्यात आवडलं. तिने बोटींची नावं वहीत लिहून घेतली: रायबंदर-चोडण, रायबंदर-दिवाडी, दिवाडी-नार्वे, दिवाडी-जुने गोवे.

“मी कधी जाऊ, अब्बा?”

“पुढच्या सुट्टीत जाऊ की. सगळे मिळून.”

“सगळे नाही. तुमच्यासारखं, एकटीने.”

मी म्हणणार होतो, तिकडे काय काम आहे तुझं. शब्द तोंडापर्यंत आले होते. तेवढ्यात स्वयंपाकघरातून तिच्या अम्मीचा आवाज आला, “पहले मैं जातूँ. उसके बाद तू.”