जीप दान द्या, पण कागद पुरे करा

जुनी जीप धर्मादाय संस्थेला दिली की आयकर वाचतो, ही समजूत चुकीची आहे. ‘८०-जी’ची सवलत पैशाच्या देणगीलाच, वस्तूला नाही, रोख २,००० रुपयांपुढं दिले तरी नाही. शिवाय उसाचं उत्पन्न शेतीचं, त्यावर आयकरच नाही. मग वाचवायचं काय? दुसरं करपात्र उत्पन्न असून जुनी करपद्धत घेतली असेल, त्यानं जीप विकून मान्यताप्राप्त संस्थेला चेक द्यावा.

तरी गाडीच द्यायची तर खुशाल द्या, दवाखान्याच्या कामी येईल. मात्र छत्रपती संभाजीनगरच्या आरटीओत नाव बदलल्याशिवाय किल्ली सोडू नका. कागदावर नाव तुमचं, तर अपघाताची भरपाईही तुमच्या गळ्यात येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली नोंदणीकृत मालकालाच जबाबदार धरलं आहे. दान पुण्याचं, पण नोंद आधी.