क्लॅट की सीईटी : कायद्याचे कॉलेज निवडताना आपण काय पाहावे?

१४ मे २०२५ रोजी न्या. भूषण गवई यांनी भारताचे सरन्यायाधीश म्हणून शपथ घेतली. या पदावर बसलेले ते पहिले बौद्ध. समाजाला झालेला आनंद साहजिक होता. पण त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्र सरकारने संसदेत दिलेला आकडा आपल्याकडे फारसा चर्चिला गेला नाही. २०१८ पासून देशभरातील उच्च न्यायालयांत नेमलेल्या ७१५ न्यायाधीशांपैकी अनुसूचित जातींचे होते २२, अनुसूचित जमातींचे १६ आणि ओबीसी ८९. म्हणजे अनुसूचित जातींचा वाटा जेमतेम तीन टक्के.

उच्च न्यायालयाचे न्यायाधीश मुख्यतः अनुभवी वकिलांमधून आणि जिल्हा न्यायाधीशांमधून येतात. वीस-पंचवीस वर्षांनी या यादीत आपली नावे किती असतील, हे आज बारावीत किंवा पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेली आपली मुले-मुली कायद्याकडे वळतात का आणि वळल्यावर टिकतात का, यावर ठरणार आहे. म्हणून प्रवेश परीक्षेचा विषय आम्ही केवळ करिअर मार्गदर्शन मानत नाही.

दोन परीक्षा, दोन वाटा

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यासमोर मुख्यतः दोन परीक्षा असतात. क्लॅट ही देशातील राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामाईक परीक्षा. महाराष्ट्रातील मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर ही तिन्ही विधी विद्यापीठे तिच्यातूनच प्रवेश देतात. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची परीक्षा मात्र वेगळी आहे. दुसरी परीक्षा राज्याच्या सीईटी कक्षाची. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय, सिद्धार्थ विधी महाविद्यालय, पुण्याचे आयएलएस आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील विधी महाविद्यालये यांचे प्रवेश तिच्यावर होतात. बारावीनंतर पाच वर्षांचा आणि पदवीनंतर तीन वर्षांचा, अशा दोन्ही अभ्यासक्रमांसाठी ही सीईटी असते.

दोन्ही परीक्षांतला फरक आपल्या मुलांसाठी मोठा आहे. क्लॅट फक्त इंग्रजीत होते. १२० मिनिटांत १२० प्रश्न, बहुतेक सगळे लांबलचक उताऱ्यांवर आधारलेले, आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. सीईटी इंग्रजीबरोबर मराठीतही देता येते आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. क्लॅटचा अर्ज भरायलाच खुल्या प्रवर्गाला ४००० रुपये लागतात आणि अनुसूचित जातींना ३५००. सवलत फक्त पाचशे रुपयांची. मजुरी करणाऱ्या घरात हा आकडा वाचूनच अर्ज बाजूला ठेवला जातो.

आमचे मत असे की इंग्रजी वाचनाची थोडीफार सवय असलेल्या विद्यार्थ्याने दोन्ही परीक्षा द्याव्यात. अभ्यासाचा बराचसा भाग सारखाच आहे. पदवीधर कार्यकर्त्यांनी तीन वर्षांच्या सीईटीकडे गंभीरपणे पाहावे. चळवळीत काम करताना जे प्रश्न रोज भेटतात, त्यांना कायद्याची जोड देण्याची ही सर्वांत स्वस्त वाट आहे.

अभ्यासाआधी दाखले

गुण असूनही प्रवेश हुकतो तो बहुधा कागदांमुळे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. पण दाखल्यावर केवळ 'बौद्ध' एवढीच नोंद असेल तर केंद्राच्या सवलतीसाठी अडचण येते. त्यासाठी धर्मांतरापूर्वीच्या मूळ जातीचा उल्लेख असलेला, केंद्राच्या नमुन्यातील दाखला लागतो. राज्यातील राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्रही हवे. समितीकडून ते मिळायला अनेकदा महिने जातात. म्हणून अकरावीतच अर्ज करावा. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला यांवरील नावांचे स्पेलिंग एकच आहे ना, हेही आताच तपासावे. क्लॅटच्या अर्जात प्रवर्ग आणि अधिवास भरताना घाई करू नये. तेथील चूक पुढे महागात पडते.

तयारीचा नेमका अर्थ

क्लॅटमध्ये इंग्रजी, चालू घडामोडी, कायदेविषयक तर्क, तर्कबुद्धी आणि गणित असे पाच भाग असतात. कायदेविषयक तर्क आणि चालू घडामोडी मिळून जवळपास निम्मे प्रश्न. गणिताचा वाटा सुमारे दहा टक्के आणि पातळी दहावीची. तेव्हा गणिताच्या भीतीने कोणी मागे हटू नये.

कायदेविषयक तर्कासाठी कायदा आधी माहीत असावा लागत नाही. नियम उताऱ्यातच दिलेला असतो. तो समोरच्या प्रसंगाला लावायचा असतो. इथे चळवळीत वाढलेल्या तरुणांनी एक काळजी घ्यावी. अनुच्छेद १४ ते १७ आपल्याला तोंडपाठ असतात, अन्यायाविषयी मतही ठाम असते. पण परीक्षेत उत्तर उताऱ्यातल्या नियमावरून द्यायचे आहे, आपल्याला काय न्याय्य वाटते यावरून नाही. वकिलीतही हीच शिस्त लागते.

मराठी माध्यमातील विद्यार्थ्याला खरा वेळ वाचनाच्या वेगासाठी द्यावा लागतो. रोज एका इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख वाचावा, त्याचा आशय चार ओळींत मराठीत लिहावा आणि नव्या शब्दांची वही ठेवावी. वर्षभर हे केले तर फरक दिसतो. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात आणि सोडवण्याइतकाच वेळ चुका तपासण्यात घालवावा. क्लॅटच्या आयोजक संस्थेच्या संकेतस्थळावर नमुना प्रश्नसंच असतात. प्रा. शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये सुरू केलेली 'इडिया' ही संस्था वंचित घटकांतील विद्यार्थ्यांना या परीक्षेचे प्रशिक्षण देते; तिच्याशी संपर्क साधावा. महागडा क्लास परवडत नाही म्हणून परीक्षाच सोडून देण्याचे कारण नाही.

पैशाचा हिशेब

राष्ट्रीय विधी विद्यापीठांत वर्षाचा खर्च लाखांत जातो. त्याआधी समुपदेशनाच्या नोंदणीसाठीच राखीव प्रवर्गाला अलीकडे २० हजार रुपये भरावे लागले आहेत. निकालानंतर मुदत थोडी असते. ही रक्कम आधीच बाजूला ठेवली नाही तर हाती आलेली जागा जाते.

आधाराच्या योजना आहेत, पण त्या वेळेवर माहीत असायला हव्यात. केंद्राची अनुसूचित जातींसाठीची 'टॉप क्लास' शिष्यवृत्ती ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी आहे. यादीतील संस्थेत निवड झाल्यास शिक्षण शुल्काबरोबर पहिल्या वर्षी ८६ हजार आणि पुढे दरवर्षी ४१ हजार रुपये भत्ता मिळतो. प्रत्येक संस्थेला जागा ठरवून दिलेल्या असतात, म्हणून प्रवेशाआधी संस्थेकडे चौकशी करावी. राज्यातील महाविद्यालयांसाठी महाडीबीटीवरील भारत सरकार शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्न मर्यादा अडीच लाख. त्यावरील उत्पन्नासाठी फ्रीशिप आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना स्वाधार योजनेतून मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६० हजारांपर्यंत मदत मिळते. हे पैसे बहुतेक वेळा उशिरा येतात, हे गृहीत धरूनच पहिल्या सहामाहीची सोय करावी.

उभे कोणत्या न्यायालयात राहायचे?

कॉलेजची क्रमवारी पाहण्याआधी हा प्रश्न विचारावा. मोठ्या कंपन्यांचे काम, सर्वोच्च न्यायालय किंवा संशोधन हे ध्येय असेल तर राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा फायदा स्पष्ट आहे. पण आपल्या जिल्ह्यात ॲट्रॉसिटीचे खटले, गायरान जमिनी, सफाई कामगारांचे दावे लढवायचे असतील तर तेथील न्यायालयाजवळचे, चांगले ग्रंथालय आणि नियमित तासिका असलेले कॉलेजही उत्तम. जिल्हा आणि तालुका न्यायालयांत मराठी चालते, उच्च न्यायालयात इंग्रजी. आपल्या वकिलाला दोन्ही भाषा याव्या लागतील. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. त्यामुळे दक्षिण महाराष्ट्र आणि कोकणातल्या तरुणांना उच्च न्यायालयातील वकिली आता मुंबईच्या भाड्याशिवाय करता येईल.

२० मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. ज्याच्या घरात कोणी वकील नाही, त्याच्यासाठी ही तीन वर्षे कमी कमाईची असतात. शिक्षणासाठी मोठे कर्ज काढले असेल तर न्यायाधीश होण्याचे स्वप्न याच टप्प्यावर सुटू शकते. कॉलेज निवडताना पाच वर्षांची फी आणि पुढची तीन वर्षे असा आठ वर्षांचा हिशेब मांडावा. दिलासा एवढाच की ३० जुलै २०२४ च्या निकालामुळे बार कौन्सिलला अनुसूचित जाती-जमातींच्या वकिलांकडून सनदेसाठी १२५ रुपयांपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येत नाही.

नावाने दबून जाण्याचेही कारण नाही. न्या. गवई यांनी १९८५ मध्ये वकिली सुरू केली, तेव्हा देशात एकही राष्ट्रीय विधी विद्यापीठ सुरू झालेले नव्हते. १९३५ मध्ये बाबासाहेब ज्या मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, ते आजही सीईटीतूनच प्रवेश देते.

विहारांनी एवढे करावे

चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ मध्ये झाला. पण त्या पाण्यावरचा हक्क उच्च न्यायालयाने मान्य केला तो १७ मार्च १९३७ रोजी. मधली दहा वर्षे बाबासाहेबांनी दावा सोडला नाही. रस्त्यावरच्या लढ्याला कोर्टात शेवटपर्यंत नेणारी माणसे लागतात, आणि ती समाजानेच घडवायची असतात.

प्रत्येक तालुक्यातील एका विहाराने आठवड्यातून दोन संध्याकाळी वाचनवर्ग चालवावा. तालुक्यातील आपल्या वकिलांनी महिन्यातून एक रविवार त्याला द्यावा. जयंतीच्या वर्गणीतून ठराविक रक्कम क्लॅटच्या अर्जासाठी आणि समुपदेशन शुल्कासाठी बिनव्याजी राखून ठेवावी. जागा निश्चित होऊन शिष्यवृत्ती आली की ती परत यावी. आणि यंदा अकरावीत गेलेल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला आजच विचारावे : जात वैधतेचा अर्ज केला का?