विश्लेषण : भंडाऱ्याच्या खडकांतलं रसायन गावांच्या निधीशी कसं जोडलंय?

एकोडी हे भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यातलं गाव. याच साकोलीवरून भूगर्भशास्त्रात 'साकोली समूह' हे खडकांचं नाव आलं. उत्तरेला तुमसर तालुक्यात 'सौसर समूहा'चे खडक आहेत. दोन्हींचा बराचसा भाग मुळात पाण्याखाली साचलेला गाळ. तरीही तुमसरला मँगनीजच्या खाणी, तर साकोली-लाखनी भागात पोहरा, गिरोला इथं कायनाइट आणि सिलिमनाइट. असं का?

खडक 'भाजला' की काय बदलतं?

पर्वत तयार होताना गाळाचे थर खोल दाबले जातात. उष्णता आणि दाबामुळे त्यातली खनिजं बदलतात, पाणी निघून जातं. पण सिलिका, ॲल्युमिनियम, मँगनीज यांचं प्रमाण सहसा फारसं बदलत नाही. म्हणूनच रासायनिक विश्लेषणातून मूळ गाळ ओळखता येतो. अपवाद एक : खडकात गरम द्रव शिरले, तर हा हिशेब बिघडतो.

ॲल्युमिनियम भरपूर असेल तर कायनाइट, सिलिमनाइट तयार होतात. भट्ट्यांच्या उष्णतारोधक विटांसाठी ती लागतात. गाळात मँगनीज असेल तर गार्नेट आणि क्वार्ट्झचा 'गोंडाइट' बनतो. लुईस फर्मोर या भूगर्भशास्त्रज्ञाने गोंड समाजावरून हे नाव दिलं. सौसर पट्ट्यातलं मँगनीज याच गोंडाइटच्या सोबतीनं सापडतं.

याचा पैशांशी संबंध काय?

तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या खाणी 'मॉइल' ही सरकारी कंपनी चालवते. धातुकात मँगनीज किती टक्के, यावर त्याची प्रत आणि भाव ठरतो. बहुतेक मँगनीज पोलादासाठी जातं. डोंगरी बुजुर्गचं डायऑक्साइड बॅटरीसाठीही वापरतात.

रॉयल्टी विक्री किमतीच्या टक्केवारीत आकारली जाते. २०१५ च्या कायदादुरुस्तीनुसार खाणमालकाला त्याशिवाय जिल्हा खनिज प्रतिष्ठानलाही रक्कम द्यावी लागते : १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या खाणपट्ट्यांसाठी रॉयल्टीच्या ३० टक्के, नंतर लिलावातून दिलेल्या पट्ट्यांसाठी १० टक्के. हा निधी खाणबाधित गावांतल्या पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण यांसाठी असतो.

पुढे काय?

प्रत घसरली की भाव कमी, रॉयल्टी कमी आणि निधीही कमी. शिवाय हा साठा पुन्हा तयार होणार नाही. खडकात काय आहे, हे कोट्यवधी वर्षांपूर्वीच ठरलं. त्यातून आलेला पैसा खाण संपल्यावरही गावाला उपयोगी पडेल का, हे मात्र आजच्या खर्चावर ठरेल.