आधी खूण, मग पाना

जुन्या फोर-बाय-फोर गाड्यांत सर्वांत जास्त अंदाजाने होणारं काम कोणतं, असं कुणी विचारलं तर आम्ही बेलाशक प्रोपेलर शाफ्टचं नाव घेऊ. गिऱ्हाईक येतं, सांगतं की पन्नास-साठला गाडी थरथरते, पायाखाली घुमल्यासारखा आवाज येतो. मग आधी टायर बॅलन्स होतात. फरक पडला नाही की क्रॉस बदलले जातात. त्यानंही भागलं नाही की शाफ्ट बॅलन्सिंगला जातो. बिल वाढत जातं आणि थरथर तशीच राहते, कारण या सगळ्यात शाफ्टचे अंश कोणी मोजलेलेच नसतात.

हे छत्रपती संभाजीनगरात घडतं याचं आम्हाला अधिक वाईट वाटतं. 1985 साली वाळूजला बजाजचा कारखाना आला, 2001 साली शेंद्र्यात स्कोडाच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली. या कारखान्यांना सुटे भाग देणाऱ्या चिकलठाणा-वाळूजच्या छोट्या शेडमध्येही डायल गेजशिवाय पान हलत नाही. तिथला कामगार मायक्रॉनच्या भाषेत बोलतो. त्याच शहरात जुन्या महिंद्राचा शाफ्ट मात्र ‘सरळ दिसतोय’ एवढ्यावर चढवला जातो. हात कसलेले आहेत, हत्यारं आहेत, फक्त या एका कामापुरती मोजायची सवय नाही.

थोडं मुळात जाऊ. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा गिअरकडची बाजू एका वेगाने फिरत असली तरी शाफ्ट तसा फिरत नाही. एका फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो, दोनदा मागे पडतो. कोन 10 अंश असेल तर हा फरक दोन्ही बाजूंना दीड टक्का; 20 अंश असेल तर सहा टक्के. 5.38 च्या डिफरेन्शिअलची जुनी जीप साठने जाते तेव्हा शाफ्ट मिनिटाला सुमारे 2400 फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला ऐंशी हिसके. पायाखाली जे घुमतं ते हेच. शाफ्ट बॅलन्सला बाहेर असेल तर थरथर फेऱ्यामागे एकदा येते, कोनाची चूक असेल तर दोनदा. ज्याचा कान तयार आहे त्याला हा फरक गाडी चालवतानाच कळतो.

दुसऱ्या टोकाचा क्रॉस ही चढउतार उलट करून मिटवतो, पण त्याच्या दोन अटी आहेत. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत आणि दोन्हीकडचे कोन सारखे हवेत.

पहिली अट बहुतेक वेळा आपल्याच हातून मोडते. स्प्लाइनमधून स्लिप योक बाहेर काढला, डिझेलने धुतला, ग्रीस भरलं आणि बसला तसा बसवला. बहुतेक शाफ्टवर बाणाच्या खुणा असतात, पण तीस-चाळीस वर्षांचा गंज आणि वरचे रंगाचे थर खरवडल्याशिवाय त्या दिसत नाहीत. सोळा दातांच्या स्प्लाइनवर एक दात चुकला तर योक साडेबावीस अंश फिरतो. चार दात चुकले तर पूर्ण नव्वद, आणि मग दुसरा क्रॉस पहिल्याची चूक मिटवायचं सोडून तीत भरच घालतो. म्हणून पाना लावायच्या आधी सेंटर पंचने दोन्ही तुकड्यांवर आणि फ्लँजवर खूण केलीच पाहिजे. रंगाची रेघ धुण्यात जाते, पंचाची खूण जात नाही. काही परदेशी गाड्यांच्या पुढच्या शाफ्टमध्ये योक कारखान्यातच मुद्दाम तिरपे ठेवलेले असतात, कारण तिथले दोन कोन सारखे ठेवणं शक्यच नसतं. तिथे ‘सरळ’ करायला जाऊ नये. मॅन्युअल पाहावं, नाहीतर आलं होतं तसंच बसवावं.

दुसऱ्या अटीत खरी मेख आहे. गाडी सपाट जागी, चारी चाकांवर उभी हवी. जॅकवर घेतली की ॲक्सल लोंबतो आणि मोजलेला प्रत्येक आकडा खोटा ठरतो. तीन मापं घ्यायची: ट्रान्स्फर केसचा फ्लँज, शाफ्टची नळी, पिनियनचा फ्लँज. समजा त्यांतून वरच्या क्रॉसवर 7 अंश आणि खालच्यावर 4 अंश निघाले. आपण म्हणतो, तीनच अंशांचा तर फरक आहे. पण हिशेब वजाबाकीचा नाही, वर्गांचा आहे. 49 मधून 16 गेले, उरले 33, त्याचं वर्गमूळ पावणेसहाच्या आसपास. म्हणजे गाडीला एकच क्रॉस पावणेसहा अंशांवर चालल्यासारखा त्रास होतो. हा आकडा तीनच्या आत ठेवावा. 7 आणि 6 असले तरी साडेतीनच्या वर जातं, पण 3 आणि 2 असले तर सव्वादोनच येतं. म्हणून उंच केलेल्या गाडीत एका अंशाचीही गय करता येत नाही. आणि कोन अगदी शून्यावरही आणू नये, कारण मग कपातल्या सुया फिरत नाहीत, एकाच जागी ठोकत राहतात आणि क्रॉसवर चरे पडतात.

आपल्याकडे हे कोन बिघडतात कशाने? वर्षानुवर्षं शेतमाल आणि माणसं वाहून मागचे पाटे बसतात. इंजिनखालची रबरं दबतात. पाट्याचा सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल एका बाजूने मागे सरकतो. जीपच्या ट्रान्स्फर केसचा शाफ्ट मधोमध नसून एका बाजूला असतो, तेव्हा वरून पाहिल्यावर तिरपेपणा आला आहे का हेही तपासावं. आणि हल्ली म्हैसमाळकडे किंवा सारोळ्याच्या डोंगरात जाणाऱ्या तरुण मंडळींसाठी आपण जीप उंच करून देतो. लांब शॅकल टाकलं की पिनियनचं तोंड फिरतं. मागे टेपरची पाचर घालून ते सुधारता येतं. पाट्यांच्या गाडीत जोर पडल्यावर पिनियन नाक वर करतो, म्हणून उभ्या गाडीत ते अंश-दीड अंश खाली ठेवणं बरं. पुढे मात्र पाचर जपून वापरायची: पिनियन वर उचलला की तेवढाच कॅस्टर कमी होतो आणि गाडी रस्त्यावर भटकायला लागते. असं झालं तर गिऱ्हाइकाला तोंडावर सांगावं की उंची थोडी कमी करा. शाफ्टची थरथर सोसता येते, स्टिअरिंगशी खेळ करता येत नाही.

जिप्सीवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. तिची ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सपासून सुटी, रबरांवर टांगलेली असते आणि दोघांच्या मध्ये एक आखूड शाफ्ट असतो. म्हणजे एकूण तीन शाफ्ट. लांब शाफ्टमध्ये केसचं एक रबर पाच मिलिमीटर बसलं तर फारसं बिघडत नाही, त्या आखूड शाफ्टमध्ये तेवढ्यानेच कोन अंशभर किंवा जास्तही सरकतो. जिप्सी थरथरते म्हणून मागचा शाफ्ट काढायच्या आधी ही रबरं पाहावीत.

दोष पुढचा की मागचा हे ठरवायला सोपी परीक्षा आहे. फ्री-व्हील हब नसतील तर टू-व्हीलमध्येही पुढचा शाफ्ट चाकांबरोबर फिरतच असतो. तो सोडवून ठेवा आणि गाडी मागच्या चाकांवर त्याच वेगाला न्या. थरथर गेली तर दोष पुढचा.

साध्या अँगल गेजला एका क्रॉसहून फार जास्त पैसे पडत नाहीत. अर्ध्या तासाचं माप हे काम आहे आणि त्याची मजुरी बिलात वेगळी लिहून मागायला आपण कचरू नये. जॉबकार्डवर तीन रकाने वाढवा: फ्लँज, नळी, पिनियन, काम सुरू करण्याआधीचे आणि नंतरचे. गाडीचं मॉडेल, पाट्यांची अवस्था आणि हे सहा आकडे आमच्याकडे पाठवा. आम्ही ते मॉडेलवार छापत जाऊ, म्हणजे वैजापूरच्या गॅरेजात उभ्या असलेल्या जीपसाठी सिल्लोडच्या मिस्त्रीने काढलेलं माप हाताशी असेल.