धानाचा भाव आणि डेटाचा भाव

महाशिवरात्रीला प्रतापगडची यात्रा भरते. (सातारा जिल्ह्यातला इतिहासप्रसिद्ध प्रतापगड तो वेगळा; हा गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला.) महादेव आणि दर्गा ही दोन्ही श्रद्धास्थाने एकाच परिसरात असल्यामुळे दोन्ही समाजांची माणसे येथे येतात, आणि यात्रा म्हटली की बाजारही आलाच. गेल्या यात्रेत बांगड्या-फुटाण्यांच्या दुकानांना लागूनच एका मांडवात रंगीत पत्रके वाटली जात होती. नागपूरच्या कुठल्याशा प्रशिक्षण वर्गाची ती जाहिरात होती. ‘डेटा सायन्स शिका, बारा लाखांचे पॅकेज मिळवा’ हा तिचा मथळा. पत्रकाची घडी घालून खिशात ठेवता ठेवता ओळखीचे एक शेतकरी गृहस्थ मला म्हणाले, ‘सर, पोराले हेच शिकवीन म्हणतो. दोन बांध्या गहाण ठेवल्या तं जमते.’

अर्थशास्त्र शिकविण्यात वीस वर्षे घालवूनही त्या गृहस्थांना मी तेथल्या तेथे नीट उत्तर देऊ शकलो नाही. ‘चांगले क्षेत्र आहे, पण चौकशी करा’ असे काहीतरी पुटपुटलो. चौकशी कशाची करायची, हे मात्र सांगितले नाही.

प्रथम ‘डेटा’ या शब्दाचाच घोटाळा दूर केला पाहिजे. त्याला ‘विदा’ असा पारिभाषिक शब्द आहे, परंतु तो परिभाषेतच राहिला. लोकव्यवहारात डेटा हाच शब्द रूढ झाला आहे. या एका नावाखाली परस्परांशी काडीचेही आर्थिक साम्य नसलेली कामे मोडतात. बँकांच्या, दुकानांच्या, रुग्णालयांच्या प्रचंड नोंदी एकत्र आणून त्या वाहत्या ठेवणारी यंत्रणा उभारणारा अभियंता हा डेटाचाच माणूस. त्या नोंदींवरून तक्ते करून व्यवस्थापकापुढे ठेवणारा विश्लेषकही तोच. छायाचित्रांतील मोटार, माणूस, झाड यांच्याभोवती दिवसभर चौकटी आखून यंत्राला ‘शिकविणारा’ तरुणही याच गणनेत येतो. आणि थोडे खाली उतरून पाहिले, तर ग्रामपंचायतीत दाखले आणि नोंदी भरणारा संगणक परिचालकही डेटाचेच काम करीत असतो. २०११ च्या ‘संग्राम’ प्रकल्पापासून ही मंडळी राबत आहेत, दीर्घकाळ त्यांचे मानधन पाच आकडीसुद्धा नव्हते, आणि त्यासाठी त्यांना पुन्हापुन्हा आझाद मैदान गाठावे लागले. पहिल्याचे वार्षिक वेतन अनुभवानंतर वीस-पंचवीस लाखांवर जाते आणि शेवटच्याचे लाखाच्या आसपास घुटमळते. या सर्वांची सरासरी काढून ती पत्रकावर छापणे म्हणजे नवेगावबांधचा तलाव आणि अंगणातले डबके यांची सरासरी खोली सांगून पोहायला पाठविण्यासारखे आहे.

पत्रकातला आकडा अर्थात सरासरीचाही नसतो, तो शिखराचा असतो. खरा प्रश्न आहे तो पहिल्या पायरीचा, कारण बांधी गहाण ठेवून शिकलेला मुलगा त्याच पायरीवर उभा राहणार आहे. सॉफ्टवेअर सेवा देणाऱ्या मोठ्या कंपन्या नवपदवीधरांची सामूहिक भरती करतात आणि त्यांतील बहुसंख्यांना एका ठरावीक वेतनावर घेतात. हे वेतन २०१२ च्या सुमारास वर्षाला तीन ते सव्वातीन लाख रुपये होते. आज ते साडेतीन लाखांच्या आगेमागे आहे. २०२४ मध्ये एका कंपनीने बिगर-अभियांत्रिकी पदवीधरांना सुमारे अडीच लाख देऊ केल्याचे वृत्त आले आणि देशभर त्याची टवाळी झाली. तो आकडा अपवादात्मक नव्हता, इतकेच. दरम्यान, २०१२ साली १०० धरलेला ग्राहक किंमत निर्देशांक १९० च्या पुढे गेला. म्हणजे तेव्हाच्या सव्वातीन लाखांना आज सहा लाखांहून अधिक रकमेची सर येते. पगार रुपयांत थोडा वाढला. वस्तूंत मोजला तर तो जवळजवळ निम्म्यावर आला.

आपल्या जिल्ह्याला रुपयापेक्षा धानाचे माप अधिक कळते, म्हणून हाच हिशेब धानात मांडून पाहू. २०१२-१३ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला १२५० रुपये होता. २०२५-२६ साठी तो २३६९ रुपये आहे. तेव्हा नव्या संगणक-पदवीधराचा वर्षाचा पगार २६० क्विंटल धानाइतका होता. आजचा साडेतीन लाखांचा पगार १४८ क्विंटलांइतका भरतो. एकरी पंधरा क्विंटलांचा उतारा धरला, तर पूर्वी जी नोकरी सतरा एकरांच्या उत्पन्नाएवढी होती, ती आता दहा एकरांएवढी झाली आहे. यावरून धान उत्पादक सुखी झाला असे कोणी समजू नये. हमीभावातून बियाणे, खत, रोवणीची मजुरी, मळणी हे सारे वजा व्हायचे असते, आणि चुकारे मिळायला किती महिने लागतात हे खरेदी केंद्राच्या दारात उभे राहणाऱ्यालाच विचारावे. येथे मुद्दा एवढाच, की ज्या शेतीला आपण कायम तोट्याची म्हणतो तिच्या मालाचा भाव महागाईबरोबर कसाबसा सरकत राहिला, आणि ज्या नोकरीसाठी ती शेती गहाण पडते तिचा पहिला भाव जागचा हलला नाही.

शिक्षक आणि लिपिक वाचकांना हे जरा चमत्कारिक वाटेल. आपल्या वेतनात महागाई भत्ता असतो, तो वर्षातून दोनदा ठरतो, आणि दहा वर्षांनी का होईना वेतन आयोग येतो. सातव्या आयोगाप्रमाणे राज्यातील नियमित प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतनच २९,२०० रुपयांपासून सुरू होते. भत्ते धरले तर ते सॉफ्टवेअरमधील नवख्याच्या पुढे जाते. (त्याआधीची १६ हजार मानधनाची शिक्षण सेवकाची तीन वर्षे आणि तासिका तत्त्वावर आयुष्य काढणारे आमचे प्राध्यापक बांधव हा वेगळा आणि अधिक दुःखद विषय आहे.) खाजगी कंपनीत महागाईशी जोडलेला असा कोणताच धागा नाही. तेथे वेतन ठरते ते मागणी-पुरवठ्यावर, आणि पुरवठ्याची गोष्ट आपण सारे डोळ्यांनी पाहत आहोत. गेल्या पाच-सहा वर्षांत राज्यातील बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयांनी ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि डेटा सायन्स’ अशा नावाच्या शाखा उघडल्या. २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने चांगल्या ठरणाऱ्या संस्थांसाठी शाखेतील जागांची कमाल मर्यादाच काढून टाकली. स्थापत्य आणि यंत्र शाखांच्या जागा ओस पडत असताना संगणकाच्या जागा फुगत गेल्या.

मागणीची बाजू उलट दिशेने चालली आहे. नवख्याला पूर्वी जी कामे देऊन शिकविले जाई, म्हणजे नोंदी स्वच्छ करणे, साधे तक्ते काढणे, छोटे प्रोग्रॅम लिहिणे, तीच २०२२ च्या अखेरीनंतर आलेल्या यंत्रबुद्धीच्या साधनांना सर्वांत लवकर जमू लागली. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार माणसे, म्हणजे मनुष्यबळाच्या सुमारे दोन टक्के, कमी करण्याचे जाहीर केले. त्यात अनुभवी मंडळीही होती. तेव्हा शिडीची खालची पायरी तेवढी मोडते आहे आणि वरच्या भक्कम आहेत, असेही समजण्याचे कारण नाही.

तरीही या क्षेत्रात पाच-सात वर्षांत पगार तिप्पट-चौपट झालेली मुले माझ्याच विद्यार्थ्यांत आहेत. हे कसे घडते ते पाहणे महत्त्वाचे आहे, कारण नागपूर आणि पुणे यांतला फरक तेथे उमगतो. या व्यवसायात वेतन वाढते ते वार्षिक वाढीने नव्हे, तर नोकरी बदलल्याने. २०२१-२२ च्या तेजीत कंपन्यांनी परस्परांची माणसे पळविली. इन्फोसिसमध्ये नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण २०२२ च्या एप्रिल-जून तिमाहीत २८ टक्क्यांवर गेले होते. पुण्यात हिंजवडीहून खराडीला गेले की मालक बदलतो. नागपुरात मिहानमध्ये टाटा कन्सल्टन्सी, इन्फोसिस, एचसीएल आहेत, परसोडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानाच्या परिसरात आणखी काही आहेत, शहरात लहान कंपन्या आहेत. पण डेटाच्या विशेष कामासाठी बोली लावणारे मालक अद्याप हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. जेथे विकत घेणारे थोडे तेथे भाव घेणाराच ठरवितो, हे धान बाजारात नेणाऱ्याला अर्थशास्त्राच्या पुस्तकातून शिकावे लागत नाही.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती नागपूरच्या फायद्याची आहे. मोठ्या कंपन्यांचे सुरुवातीचे वेतन बहुधा देशभर एकच असते, खोलीचे भाडे मात्र एक नसते. त्याच पगारात नागपूरचा मुलगा घरी काही पाठवू शकतो. पुण्याचा मुलगा महिनाअखेरीस घरून मागवितो. म्हणून पहिली दोन-तीन वर्षे नागपूर बरे आणि पुढची वाढ पुण्याला, असे एक विचित्र त्रैराशिक तयार होते. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये मुंबईपर्यंत पूर्ण झाला आणि जागतिक कंपन्यांची केंद्रे राज्यात आणण्याचे धोरणही शासनाने त्याच वर्षी स्वीकारले. त्या केंद्रांपैकी काही खरोखर नागपूरला उतरली, तर मालकांची संख्या वाढून हे त्रैराशिक बदलेल. कंपन्यांना जमीन आणि सवलती देताना शासनाने किती नोकऱ्या हे विचारण्याबरोबर कोणत्या वेतनाच्या हेही विचारले पाहिजे.

आता बांध्यांकडे वळू. समजा, त्या गृहस्थांनी पाच लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने सात वर्षांसाठी काढले. महिन्याचा हप्ता सुमारे ८३०० रुपये येतो. साडेतीन लाखांच्या ‘पॅकेज’मध्ये मालकाचा भविष्यनिर्वाह निधीतला वाटा, उपदानाची तरतूद, विम्याचा हप्ता हे सगळे मोजलेले असते, मुलाच्या हाती महिन्याला पडतात चोवीस-पंचवीस हजार. म्हणजे तिसरा हिस्सा बँकेचा. भाडे आणि जेवण गेले की उरते काय, हे वाचकांनीच ठरवावे. मुलींच्या बाबतीत हिशेब थोडा सुसह्य आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल व मागास प्रवर्गांतील कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे, आणि ही गोष्ट अजून अनेक घरांत पोहोचलेली नाही.

चौकशी कशाची करायची, याचे उत्तर एका शब्दात ‘मध्यक’ असे आहे. नोकरी लागलेल्या शंभर मुलांना पगाराच्या क्रमाने उभे केले, तर पन्नासाव्याच्या आसपास जो पगार येतो तो मध्यक. एका मुलाला चाळीस लाख मिळाले म्हणून सरासरी उंचावते, मध्यक ढळत नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना हा आकडा द्यावाच लागतो आणि तो त्यांच्या संकेतस्थळावरही ठेवावा लागतो. पण त्याची जागा कुठल्यातरी कोपऱ्यातल्या कागदात असते आणि प्रवेशद्वारावरच्या फलकावर सर्वोच्च पगाराच्या मुलाचे छायाचित्र झळकते. शिवाय तो मध्यक नोकरी लागलेल्यांचाच असतो. न लागलेले त्या रांगेत उभेच नसतात. राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाने प्रवेशफेरीच्या यादीत प्रत्येक शाखेपुढे उत्तीर्ण किती, नोकरी किती जणांना आणि मध्यक वेतन किती हे तीन आकडे छापणे सक्तीचे करावे. यासाठी कायदा करावा लागणार नाही, एक परिपत्रक पुरेल. आणि खाजगी प्रशिक्षण वर्गांनाही हाच नियम लावावा, कारण बांध्या गहाण पडतात त्या बव्हंशी त्यांच्याच दारात.

धनंजयराव गाडगीळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे पुणे शहराची घरोघर पाहणी करून कोणत्या धंद्यात कोणाला काय मिळते हे नोंदविले. त्या पाहणीचे दोन भाग १९४५ आणि १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा संगणक नव्हते. आज नागपुरात शेकडो विश्लेषक दूरदेशीच्या ग्राहकांच्या खरेदीचा हिशेब ठेवीत बसले आहेत. त्यांचा स्वतःचा पगार काय, तो वाढतो की घटतो, याची अशी एखादी पाहणी नागपूरच्या विद्यापीठाने हाती घेतली, तर आमच्यासारख्यांना यात्रेत पुटपुटावे लागणार नाही.

यात्रेनंतर त्या पत्रकावरील क्रमांकावर मी दूरध्वनी केला. मागच्या तुकडीतील किती जणांना नोकरी लागली, असे विचारले. ‘शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स’ असे उत्तर आले. साहाय्य समजले, नोकरी किती जणांना, असे पुन्हा विचारले, तेव्हा पलीकडच्या बाईंनी अतिशय सौजन्याने पुन्हा बारा लाखांचा आकडा सांगितला. हे संभाषण मी त्या गृहस्थांना जसेच्या तसे कळविले आहे. मुलाचा बारावीचा निकाल लागेपर्यंत थांबतो, असे ते म्हणाले.