मास्क आहे, पण कशासाठीचा?

एन-९५ मास्क लावून टोल्युइनचे पिंप उपसणारा कामगार स्वतःला सुरक्षित समजत असेल, तर त्याला दोष देता येणार नाही. कोविडच्या साथीने या मास्कला ‘सगळ्यात चांगला मास्क’ अशी ख्याती मिळवून दिली. धूळ आणि जंतूंपुरती ती रास्तही आहे. हवेत तरंगणाऱ्या ०.३ मायक्रॉनच्या आसपासच्या कणांपैकी किमान ९५ टक्के कण तो अडवतो. पण वायू किंवा वाफ म्हणजे कण नव्हेत. ते सुटे रेणू असतात आणि ते या मास्कमधून सहज पार होतात. वाफेपुरते बोलायचे, तर एन-९५ लावलेला आणि तोंडाला रुमाल बांधलेला, दोघे जवळपास सारखेच. फरक एवढाच की, रुमालवाल्याला आपण उघडे आहोत हे निदान ठाऊक असते. मास्कवाला निर्धास्तपणे जास्त वेळ थांबतो.

तारापूर, लोटे-परशुराम, महाड, कुरकुंभ या पट्ट्यांतल्या अनेक कारखान्यांत उत्पादन ‘बॅच’ने होते. आज एक द्रावक, पुढच्या आठवड्यात दुसरे. मास्कची खरेदी मात्र बरेचदा एकदाच आणि एकाच प्रकारची होते. वाफेसाठी जो श्वसनरक्षक लागतो, त्याला दोन्ही बाजूंनी कार्ट्रिज बसवलेली असतात. त्यांत सक्रिय कोळसा असतो आणि तो वाफ धरून ठेवतो. अमोनिया किंवा आम्लवायू साध्या कोळशाला नीट धरता येत नाहीत. त्यांच्यासाठी कोळशावर वेगळी रसायने चढवावी लागतात. म्हणून कार्ट्रिजवर रंगांच्या खुणा असतात. पण रंगावर विसंबणेही धोक्याचे. युरोपीय पद्धतीत पिवळा पट्टा सल्फर डायऑक्साइडसारख्या आम्लवायूंसाठी असतो, तर अमेरिकी पद्धतीत पिवळा म्हणजे सेंद्रिय वाफ आणि आम्लवायू दोन्ही. तेव्हा रंग पाहून नव्हे, छापलेली अक्षरे वाचूनच कार्ट्रिज घ्यायला हवे.

काही रसायनांपुढे तर योग्य दिसणारे कार्ट्रिजही टिकत नाही. औषध कारखान्यांत सर्रास वापरले जाणारे मिथिलीन क्लोराइड हे त्यातले एक. ते इतके चंचल असते की सेंद्रिय वाफेच्या साध्या कार्ट्रिजमधून फार लवकर पार होते, आणि शरीरात गेल्यावर त्याचा काही भाग कार्बन मोनॉक्साइडमध्ये बदलतो. तिथे बाहेरून नळीने शुद्ध हवा पुरवणारा श्वसनरक्षकच लागतो. ‘वास येऊ लागला की कार्ट्रिज बदला’ हा जुना सल्लाही सगळीकडे चालत नाही. मिथेनॉलचा वास नाकाला कळेपर्यंत हवेतले प्रमाण मर्यादेच्या वर गेलेले असू शकते. हायड्रोजन सल्फाइड आधी कुजक्या अंड्यांसारखा घाण वास देतो आणि प्रमाण वाढले की नाकच बधिर करून टाकतो. वास गेला म्हणून माणूस पुढे सरकतो. कार्ट्रिज किती तासांनी बदलायचे, हे म्हणूनच आधी ठरवून लिहून ठेवावे लागते. पाळी संपल्यावर खिळ्याला उघडे टांगलेले कार्ट्रिज तर रात्रभर हवेतली वाफ आणि ओल पीत राहते, कोकणातल्या पावसाळ्यात जास्तच.

यानंतरचा प्रश्न ताकदीचा. नीट बसलेला अर्धमुख श्वसनरक्षक आतली हवा बाहेरच्यापेक्षा दहापट स्वच्छ ठेवतो असे धरतात, पूर्णमुख पन्नासपट. एखाद्या वाफेची सुरक्षित मर्यादा ५० असेल आणि हवेत ती ४०० निघाली, तर अर्धमुख पुरेल. १५०० निघाली तर नाही. अर्थात, त्यासाठी हवेचे मोजमाप झालेले असायला हवे, आणि घोडे बहुतेक वेळा तिथेच पेंड खाते.

हे आकडेही तो सतत आणि घट्ट बसलेला असेल तरच खरे. आठ तासांच्या पाळीत पन्नासपट संरक्षणाचा पूर्णमुख श्वसनरक्षक ४८ मिनिटे, म्हणजे फक्त दहा टक्के वेळ, काढून ठेवला, तर दिवसभराचे सरासरी संरक्षण साडेआठ पटींवर येते. एप्रिल-मेच्या उकाड्यात रिॲक्टरशेजारी तो कोणी का काढतो, हे समजायला वैद्यकीय पदवी लागत नाही. दाढी असेल तर कडेने फट राहते. बारीक चेहऱ्याच्या कामगाराला, विशेषतः स्त्रियांना, मोठ्या मापाचा मास्क बसतच नाही. गोड किंवा कडू फवारा सोडून, मास्कच्या आत चव कळते का हे पाहण्याची चाचणी साधी आणि स्वस्त आहे. ती प्रत्येक कामगाराची, त्याला दमा किंवा हृदयविकार आहे का हे तपासून झाल्यावर, व्हायला हवी. कंत्राटी कामगारांच्या वाट्याला ती क्वचितच येते.

टाकी, मॅनहोल किंवा सांडपाण्याच्या कुंडीत मात्र कोणतेही कार्ट्रिज चालत नाही. कार्ट्रिज हवा गाळते, प्राणवायू तयार करत नाही. हवेत तो सुमारे २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की पाठीवरच्या सिलिंडरची किंवा नळीची हवाच लागते. आत कोसळलेल्याला काढायला साधा मास्क लावून उतरलेला दुसराही आतच राहतो, अशा बातम्या दरवर्षी छापून येतात.

डिसेंबर १९८१ मध्ये, मोठ्या दुर्घटनेच्या तीन वर्षे आधी, भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात एका कामगाराच्या अंगावर फॉसजीन उडाले. घाबरून त्याने मास्क काढला आणि तो वायू त्याच्या श्वासात गेला. तो काही दिवसांतच दगावला. त्याच्याकडे मास्क होता. अशा वेळी काय करायचे आणि मास्क कुठे पोहोचल्यावर काढायचा, याचा सराव हाही मास्कइतकाच आवश्यक आहे. त्याआधी बंद नळीतून द्रावक सोडणे आणि वाफ उगमापाशीच ओढून घेणारे पंखे बसवणे हे उपाय यायला हवेत. मास्क त्यांच्यानंतरचा, स्वस्त असल्यामुळे तो आधी येतो.

भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन, कामाच्या जागेच्या सुरक्षिततेची माहिती मागण्याचा हक्क कामगाराला मिळाला. हा हक्क रुग्णालयाच्या दारातही उपयोगी पडतो. ‘गॅस लागला’ एवढेच सांगत नातेवाईक येतात. फॉसजीन किंवा नायट्रोजनच्या ऑक्साइडांनी बाधलेला माणूस सुरुवातीला चालत-बोलत असतो आणि काही तासांनी त्याच्या फुफ्फुसांत पाणी भरू लागते. त्याला घरी पाठवायचे की निदान २४ तास नजरेखाली ठेवायचे, हे डॉक्टर रसायनाच्या नावावरूनच ठरवू शकतो. ते नाव लिहिलेले माहितीपत्रक कारखान्यात असतेच. ते कार्यालयातल्या कपाटात न ठेवता पिंपाशेजारच्या भिंतीवर, मराठीत आणि हिंदीत लावले, तर जखमीबरोबर ॲम्ब्युलन्समध्येही येऊ शकेल.